कापडाची आई

लहान मूल रडलं की त्याला लगेच उचलून घ्यावं का, हा आपल्या घरांतला जुना वाद आहे. ‘उचलू नकोस, हाताची सवय लागेल,’ असं आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायका नव्या आयांना सांगत. अमेरिकेत तर हे शास्त्र म्हणूनच सांगितलं जाई. मुलांना कुरवाळू नका, मांडीवर घेऊ नका, असं जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली पुस्तकात लिहून ठेवलं. मूल आईला बिलगतं ते दुधासाठी, अशी तेव्हाची समजूत होती.

ही समजूत मोडून काढली माकडांच्या पिल्लांनी, आणि त्या हकिगतीचं एक टोक आपल्या देशात आहे. १९५०च्या दशकात पोलिओच्या लशीसाठी आणि संशोधनासाठी इथली लाल तोंडाची माकडं हजारोंनी परदेशी जात. वाटेत त्यांचे इतके हाल होत, की १९५५ मध्ये भारत सरकारने ही निर्यात काही काळ थांबवली. कायमची बंदी आली ती १९७८ मध्ये. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हॅरी हार्लो यांच्याकडे पोचणारी माकडं बरेचदा आजारी असत. म्हणून त्यांनी तिथेच पैदास सुरू केली आणि रोग लागू नये यासाठी पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच आईपासून वेगळी काढली. बाटलीच्या दुधावर पिल्लं चांगली भरली. पण पिंजऱ्यात अंथरलेल्या कापडाला ती घट्ट धरून बसत, आणि सफाईसाठी ते काढलं की आकांत करत.

मी कापडाच्या गावचा माणूस, त्यामुळे हे वाचताना थबकलो.

हार्लो यांनी मग दोन खोट्या आया बनवल्या. एक नुसत्या तारेची, दुसरी लाकडावर स्पंज आणि टॉवेलचं कापड चढवलेली. (आपल्या सोलापुरी टॉवेलसारखं, आमच्या भिवंडीच्या मागावरचं ग्रे कापड त्या कामाचं नव्हे.) काही पिल्लांना दूध फक्त तारेच्या आईकडे मिळे. ती पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि दिवसाचे पंधरा-पंधरा तास कापडाच्या आईला बिलगून राहत.

मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. सहा फुटी अनोळखी खोलीत चुरगाळलेला कागद, ठोकळे असं काहीबाही ठेवून पिल्लाला आत सोडलं. कापडाची आई नसली, तर ते अंग आकसून झुलत बसे. ती असली, तर आधी धावत जाऊन तिला मिठी मारी. मग उतरून कागद उचकटी, पुन्हा येऊन तिला शिवे, पुन्हा जाई. म्हणजे मिठीने पिल्लू मिंधं झालं नाही, धीट झालं. कांड्या भरणाऱ्या बायकांची पोरं मी अशीच पाहिली आहेत. मागाच्या खडखडाटाला दचकून पोर आईचा पदर धरतं, आणि घटकाभराने पुन्हा मागाकडेच रांगतं.

हार्लो यांनी १९५८ मध्ये हे जाहीर केलं, तेव्हा त्यांचं फार कौतुक झालं. किंमत पिल्लांनी मोजली. कापडाची आई धीर देई, पण माकडासारखं वागायला शिकवू शकत नव्हती. दुसऱ्या पिल्लांशी रोज खेळायला मिळालं, ती बरीचशी सावरली. एकटी वाढलेल्या माद्या पुढे स्वतः आया झाल्या, तेव्हा काहींनी पिल्लांकडे पाहिलंच नाही, काहींनी त्यांना मारलं, चावलं. आणि ती पिल्लं, ढकलून दिली तरी, त्याच आईच्या अंगाला पुन्हा पुन्हा चिकटत राहिली.