समान वाढीची गती: एका गणिताचा पूर्वेतिहास

एखाद्या वस्तूचा वेग प्रत्येक सेकंदाला सारख्याच मापाने वाढत किंवा घटत असेल, तर त्या गतीला समत्वरित गती म्हणतात आणि तिच्यासंबंधीचे कोणतेही गणित पाच राशींत मांडता येते: सुरुवातीचा वेग, अखेरचा वेग, त्वरण म्हणजे वेगवाढीचा दर, लागलेला काळ आणि कापलेले अंतर. यांपैकी कोणत्याही तीन ठाऊक असल्या की उरलेल्या दोन काढता येतात. शालेय पुस्तकांत ही समीकरणे न्यूटनच्या नियमांना लागूनच येत असल्यामुळे ती न्यूटननेच शोधली असा समज सर्रास आढळतो. परंतु १६८७ साली न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला तेव्हा या गणिताचा गाभा किमान साडेतीनशे वर्षे जुना होता, आणि काळाचे तुकडे सेकंदांऐवजी दिवसांत पाडले तर तो त्याहूनही पुष्कळ मागे नेता येतो.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या पहिल्या भागात, श्रेढीव्यवहार नावाचे प्रकरण आहे. श्रेढी म्हणजे ठरावीक रीतीने वाढत जाणाऱ्या संख्यांची मालिका. तिच्यातील पहिल्या पदाला आदी किंवा मुख, प्रत्येक पदागणिक होणाऱ्या वाढीला चय, पदांच्या संख्येला गच्छ, शेवटच्या पदाला अंत्यधन आणि साऱ्या पदांच्या बेरजेला सर्वधन अशी नावे आहेत. आदी आणि अंत्यधन यांच्या बेरजेचे निम्मे ते मध्यधन, आणि मध्यधनाला गच्छाने गुणले की सर्वधन मिळते. या प्रकरणातील एका उदाहरणात शत्रूचे हत्ती हस्तगत करण्यासाठी निघालेला एक राजा पहिल्या दिवशी दोन योजने चालतो, पुढे रोज सारख्याच प्रमाणात चाल वाढवतो आणि सात दिवसांत ऐंशी योजनांवरील शत्रूनगरी गाठतो. रोजची वाढ किती, असा प्रश्न आहे. ऐंशीला सातांनी भागले की मध्यधन मिळते, ते चौथ्या दिवसाच्या चालीइतके असते, आणि पहिल्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत तीन वेळा वाढ झालेली असते, म्हणून मध्यधनातून दोन वजा करून तीनांनी भागले की २२/७ योजने हे उत्तर येते. आदीच्या जागी सुरुवातीचा वेग, चयाच्या जागी त्वरण, गच्छाच्या जागी काळ, अंत्यधनाच्या जागी अखेरचा वेग आणि सर्वधनाच्या जागी अंतर ठेवले, तर आजच्या विद्यार्थ्यापुढे येणारे गणित जवळजवळ तसेच्या तसे उभे राहते. आदी, चय, गच्छ आणि सर्वधन यांपैकी जी राशी अज्ञात असेल तिच्यासाठी वेगळी रीत ‘लीलावती’त दिलेली आहे, गच्छ काढायचा असेल तर वर्गमूळ घ्यावे लागते, आणि काळ अज्ञात असला म्हणजे आजच्या विद्यार्थ्यालाही वर्गसमीकरणाशी झगडावे लागते ते त्याच कारणाने.

हे साम्य खरे असले तरी त्याची मर्यादा सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे सारे आधीच होते असे म्हणण्याचा मोह अशा ठिकाणी फार पटकन होतो. राजाची चाल दिवसागणिक पायरीने वाढते, एका दिवसाच्या आत ती किती बदलते हा प्रश्न उदाहरणात नाही, आणि उदाहरणाचा विषय गती नसून श्रेढी आहे. प्रकरणातल्या इतर उदाहरणांत त्याच रीतीने दानात द्यायच्या द्रम्म नाण्यांचा हिशेब होतो. विशेष म्हणजे ग्रहांची गती क्षणोक्षणी बदलते आणि म्हणून दैनंदिन गतीहून वेगळी तात्कालिक गती मानावी लागते, हा विचार भास्कराचार्यांनीच त्याच ग्रंथाच्या ज्योतिषविषयक भागात मांडलेला आहे. श्रेढीचे गणित आणि तात्कालिक गती ही दोन्ही साधने एकाच लेखकाच्या हाती असूनही ती एकत्र आली नाहीत, कारण चंद्राची गती समान प्रमाणात वाढत नाही आणि खाली पडणाऱ्या दगडाची गती ज्योतिषाचा विषय नव्हती. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला, तेथील शिलालेखात त्या मठाच्या दानाची नोंद आहे, आणि एकोणिसाव्या शतकात तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. पण या परंपरेने पडणाऱ्या वस्तूकडे मोजमापाच्या दृष्टीने पाहिल्याचे दिसत नाही.

वाढ अखंड मानून तिचा हिशेब प्रथम झाला तो चौदाव्या शतकातील ऑक्सफर्डमध्ये. तेथील मर्टन कॉलेजातील टॉमस ब्रॅडवर्डीन, विल्यम हेट्सबरी, रिचर्ड स्वाइन्सहेड आणि जॉन डम्बलटन या तर्कशास्त्र्यांना पुढे ‘ऑक्सफर्डचे गणक’ असे नाव पडले. त्यांचा मूळ प्रश्न गतीचा नव्हताच. उष्णता, शुभ्रता किंवा दानशीलता यांसारखा गुण कमीअधिक होतो म्हणजे नेमके काय होते, हा तो प्रश्न होता, आणि वेग हाही त्यांनी असाच तीव्र-मंद होणारा गुण मानला. हेट्सबरीने १३३५ साली लिहिलेल्या ग्रंथात क्षणाच्या वेगाची व्याख्या अशी केली की त्या क्षणी असलेला वेग तसाच टिकून राहिला तर वस्तू जेवढे अंतर कापील, त्यावरून तो मोजावा. आणि त्याने असा नियम दिला की समान रीतीने वेग वाढवणारी वस्तू, तिच्या मधल्या क्षणाच्या वेगाने तेवढाच काळ एकसारख्या जाणाऱ्या दुसऱ्या वस्तूइतकेच अंतर कापते. हाच मध्यवेगाचा नियम, आणि यातच मध्यधन व गच्छ यांचा गुणाकार अखंड काळासाठी पुन्हा अवतरतो. थांबलेल्या स्थितीपासून निघालेली वस्तू काळाच्या दुसऱ्या अर्ध्यात पहिल्या अर्ध्याच्या तिप्पट अंतर कापते, हा निष्कर्षही त्यांनी काढला होता.

ऑक्सफर्डच्या या शब्दबंबाळ युक्तिवादाला चित्राचे रूप दिले पॅरिसच्या निकोल ओरेमने. काळ आडव्या रेषेवर मांडावा, प्रत्येक क्षणाचा वेग त्या ठिकाणच्या उभ्या रेषेच्या लांबीने दाखवावा, म्हणजे स्थिर वेगाची आकृती आयत होते, शून्यापासून समान वाढणाऱ्या वेगाची आकृती त्रिकोण होते, आणि निम्म्या उंचीच्या आयताचे क्षेत्रफळ त्या त्रिकोणाइतकेच असते, हे डोळ्यांना दिसते. महाराष्ट्रातील नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आलेख पद्धतीने ही समीकरणे मिळवताना विद्यार्थी क्षेत्रफळावरून अंतर काढतो. ती रीत मुळात या १३५० च्या आसपासच्या आकृतीची आहे, मात्र पुस्तकात ओरेमचा उल्लेख क्वचितच येतो.

ऑक्सफर्डला आणि ओरेमलाही हा नियम निसर्गात कुठे लागू पडतो हे शोधण्याची गरज वाटली नाही. समान वाढीची गती ही त्यांच्या दृष्टीने एक कल्पिता येण्याजोगी शक्यता होती, आणि तिचे तार्किक परिणाम काढणे एवढेच काम होते. स्पेनमधील धर्मपंडित दोमिंगो दे सोतो याने १५५१ च्या सुमारास पडणाऱ्या वस्तूची गती नेमकी याच प्रकारची असते असे लिहून ठेवले, पण जाता जाता दिलेल्या उदाहरणापलीकडे त्याने ते नेले नाही. एवढे मोठे विधान इतक्या सहजपणे करून पुढे निघून जाणारा दुसरा लेखक विज्ञानाच्या इतिहासात सापडणे कठीण.

खरी अडचण हिशेबाची नव्हती, तर वेग नेमका कशाच्या प्रमाणात वाढतो हे ठरवण्याची होती, आणि तिथे गॅलिलिओसारखा माणूसही प्रथम चुकला. १६ ऑक्टोबर १६०४ रोजी व्हेनिसच्या पाओलो सार्पीला लिहिलेल्या पत्रात त्याने पडण्याची अंतरे काळाच्या वर्गांच्या प्रमाणात असतात आणि लागोपाठच्या सारख्या कालखंडांतील अंतरे १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात असतात, असा अचूक नियम सांगितला. मात्र त्याचे मूळ म्हणून जे तत्त्व दिले ते असे की पडणाऱ्या वस्तूचा वेग तिने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. हे तत्त्व खरे असते तर सुटलेला दगड हललाच नसता, कारण अंतर शून्य असेपर्यंत वेगही शून्य आणि वेग शून्य असेपर्यंत अंतरही शून्य. दुप्पट उंचीवरून पडलेली वस्तू अधिक जोराने आदळते हा रोजचा अनुभव अंतराकडे बोट दाखवतो, म्हणूनच ही चूक इतकी स्वाभाविक होती. त्यानंतरच्या काही वर्षांत गॅलिलिओने काळाची निवड केली.

चर्चच्या न्यायासनाने १६३३ साली त्याला दोषी ठरवल्यामुळे इटलीत त्याचे पुस्तक छापणे अशक्य झाले होते, तेव्हा १६३८ साली त्याचा ‘दोन नव्या शास्त्रांविषयीचे संवाद’ हा ग्रंथ हॉलंडमधील लायडन येथे एल्झेव्हिर यांनी छापला. त्याच्या तिसऱ्या दिवसाच्या संवादात समत्वरित गतीची व्याख्या, मध्यवेगाचा नियम आणि त्यावरून निघणारा काळाच्या वर्गाचा नियम अशी मांडणी आहे, आणि प्रत्यक्ष पडताळ्याची हकिकतही आहे: बारा हात लांबीच्या लाकडी तुळईत कोरलेली सरळ खाच, तिला आतून चिकटवलेला गुळगुळीत चर्मपत्राचा थर, तुळई एका बाजूने उचलून सोडलेला घोटीव कांस्य गोळा, आणि मोठ्या भांड्याच्या बारीक नळीतून गोळा घरंगळत असताना पडलेल्या पाण्याचे वजन हेच काळाचे माप. उतारामुळे गती मंद होते, पण तिचा प्रकार बदलत नाही, हीच या योजनेतील कल्पकता. चौथाई लांबीला नेमका निम्मा काळ लागतो आणि हे शंभर वेळा पाहिले, असे गॅलिलिओ लिहितो. विसाव्या शतकात अलेक्सांद्र कोयरे या इतिहासकाराने अशा साधनांनी इतकी अचूकता शक्य नसल्याचे ठरवून हा सारा प्रयोग कल्पनेतलाच मानला होता. १९६१ साली टॉमस सेटल याने तशीच तुळई आणि तसेच पाण्याचे घड्याळ उभारून सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतची अचूकता मिळते हे दाखवले.

त्या ग्रंथात समीकरण मात्र एकही नाही. युक्लिडच्या परंपरेत गुणोत्तर एकाच जातीच्या राशींचे घ्यायचे असल्याने अंतराला काळाने भागून वेग काढणे गॅलिलिओला निषिद्ध होते. तो एका अंतराचे दुसऱ्या अंतराशी असलेले प्रमाण सांगतो, आणि ते काळांच्या प्रमाणाच्या वर्गाइतके असते असे म्हणतो. त्यामुळे गुरुत्वामुळे होणारी वेगवाढ किती, हा आकडा त्याच्या पद्धतीत मागावाच लागत नाही, आणि जिथे त्याने एखादा आकडा दिला तिथे तो फसलेला आहे: १६३२ च्या संवादग्रंथात लोखंडी गोळा शंभर हातांवरून, म्हणजे सुमारे ५८ मीटरवरून, पाच सेकंदांत पडतो असे तो म्हणतो, प्रत्यक्षात साडेतीन सेकंदही पुरतात. ही उणीव भरून काढली ती एका विरोधकाने. पृथ्वी फिरत नाही असे मानणाऱ्या जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोली या जेझुइट पंडिताने बोलोन्याच्या ९७ मीटर उंच असिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे सोडले, ज्या लंबकाच्या झोकांवर काळ मोजायचा तो सहकाऱ्यांकडून संपूर्ण दिवसरात्र मोजून पारखून घेतला, आणि १६५१ च्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओचा विषम संख्यांचा नियम बरोबर असल्याचे जाहीर केले. पुढे ख्रिस्तियान हायगेन्सने १६५९ साली लंबकाच्या सिद्धांतावरून हिशेब केला की पहिल्या सेकंदात वस्तू सुमारे पंधरा पॅरिस फूट आणि एक इंच, म्हणजे ४.९ मीटर पडते. विद्यार्थी इथे हमखास ९.८ म्हणतात, सेकंदाच्या अखेरीस वेग ९.८ मीटर प्रति सेकंद होतो खरा, पण सुरुवातीला तो शून्य होता, आणि मध्यवेग निम्माच राहतो.

राशींना अक्षरे देऊन लिहिलेली सूत्रे आली ती लाइब्निझच्या कलनशास्त्राच्या आधारे पिएर व्हारिन्योंने सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि ऑयलरने १७३६ च्या ‘मेकॅनिका’त गतिशास्त्र नव्या भाषेत मांडल्यानंतर. पाठ्यपुस्तकातील तीन समीकरणांपैकी तिसरे पहिल्या दोहोंमधून काळ काढून टाकल्यावर उरते म्हणून शेवटी येते: अखेरच्या वेगाचा वर्ग हा सुरुवातीच्या वेगाचा वर्ग आणि त्वरण व अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट यांच्या बेरजेइतका असतो. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद या दराने मंद होत १० मीटरांत थांबत असेल, तर ताशी ७२ किलोमीटरला तीच गाडी ४० मीटर घेते, हे या समीकरणाने एका ओळीत निघते. काळाचा उल्लेख नसलेले हेच समीकरण वादालाही कारण झाले. लाइब्निझने १६८६ साली गॅलिलिओचा नियम आधाराला घेऊन असा दावा केला की गतिमान वस्तूचे बळ वेगाच्या नव्हे तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात मोजले पाहिजे, आणि देकार्तच्या अनुयायांनी तो फेटाळला. लायडनच्या विलेम ग्राव्हेसांडने १७२२ च्या सुमारास सारख्या आकाराचे पण वेगवेगळ्या वजनांचे पितळी गोळे, वजनाच्या व्यस्त प्रमाणातील उंचींवरून मऊ मातीवर सोडले तेव्हा पडलेले खड्डे सारखेच निघाले, आणि एमिली द्यु शातलेने १७४० च्या आपल्या ग्रंथात लाइब्निझची बाजू उचलून धरली. वेगाच्या वर्गाला वस्तुमानाने गुणून त्याचे निम्मे घ्यायचे, हा आज गतिज ऊर्जेच्या सूत्रात दिसणारा निम्मेपणा मात्र १८२९ साली यंत्रांच्या कार्याचा हिशेब मांडताना कोरिऑलिसने आणला.