नाताळच्या खुणा आणि अर्थांचा तक्ता

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत सतरंजी पसरायची, कामट्यांची मोळी सोडायची, खळीचे पातेले मधोमध ठेवायचे आणि मुलांना हाक मारायची. हा वर्ग मी बरीच वर्षे घेते आहे. कात्र्या, जिलेटीनचा कागद आणि दोऱ्याच्या रिळाबरोबर दरवर्षी आणखी एक गोष्ट त्या खोलीत येते. ती म्हणजे एक झेरॉक्स केलेला तक्ता. डाव्या बाजूला चिन्ह, उजव्या बाजूला अर्थ. तारा म्हणजे मार्गदर्शन. मेणबत्ती म्हणजे जगाचा प्रकाश. बैल म्हणजे सहनशीलता, गाढव म्हणजे नम्रता. हॉलीची काटेरी पाने म्हणजे काट्यांचा मुकुट. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची साखरेची काठी म्हणजे येशूच्या इंग्रजी नावाचे पहिले अक्षर.

या तक्त्यामागे एक मत आहे आणि ते आता सर्वमान्य झाले आहे. नाताळच्या प्रत्येक चिन्हाला शास्त्राने एक अर्थ नेमून दिलेला आहे, तो मुलांकडून पाठ करून घेतला की हस्तकलेतून शास्त्र शिकवले गेले, असे हे मत. माझ्या मते ते चूक आहे. नुसते अपुरे असते तर मी लेखणी उचलली नसती. या तक्त्यामुळे शास्त्र वाचण्याची गरजच संपते, म्हणून हा खटाटोप.

आधी पूर्वपक्ष नीट मांडते, कारण तो मांडणारी माणसे प्रामाणिक आहेत. त्यांचे म्हणणे असे. बाजाराने नाताळ गिळला आहे. लाल टोपी आणि कापसाची दाढी एवढेच मुलांना ठाऊक राहिले आहे. अशा वेळी हाताने केलेल्या प्रत्येक वस्तूला ख्रिस्ताशी जोडून दिले तर सण जाग्यावर येतो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिल गावी फ्रान्सिस किप्स स्पेन्सर या बाईंनी 1957 मध्ये नेमके हेच केले. त्यांच्या असेन्शन लुथरन चर्चमधल्या नाताळवृक्षावर रंगीत गोळे टांगण्याऐवजी त्यांनी ख्रिस्ताची प्राचीन चिन्हे पांढऱ्या आणि सोनेरी रंगांत करून लावली. ख्रिस्त आणि मोनोग्राम हे दोन शब्द जोडून त्या दागिन्यांना ‘क्रिस्मॉन’ असे नाव पडले आणि ती प्रथा पुष्कळ चर्चमध्ये पोचली. शिवाय, पूर्वपक्ष विचारतो, लहान मुलांना धरायला काहीतरी दांडी नको का? आणि अर्थ ठरलेला नसेल तर जो तो आपल्या मनाचा अर्थ लावील, त्याला आवर कोण घालणार?

स्पेन्सरबाईंच्या कामाबद्दल मला आदरच आहे. त्यांनी जुन्या खुणा शोधून काढल्या. ख्रिस्ताच्या ग्रीक नावाची पहिली दोन अक्षरे एकमेकांत गुंफलेली ‘खी-रो’ ही खूण चौथ्या शतकापासून ख्रिस्ती लोक मिरवत आले आहेत. त्यातले ‘खी’ गुणाकाराच्या चिन्हासारखे दिसते, म्हणून ‘एक्समस’ असे लिहिल्याने ख्रिस्ताचे नाव पुसले जाते हा आक्षेपही टिकत नाही. ते अक्षर त्याच्याच नावाचे आहे. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भिंतीवर वर कोरलेली तीन अक्षरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. तीही मुळात येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे. ‘मानवांचा तारणारा येशू’ हा त्यांचा लॅटिन विस्तार मागाहून बसवलेला. पण या सगळ्या खुणा म्हणजे नावाच्या सह्या आहेत. सहीचा अर्थ एकच असतो. तारा, गव्हाण, बैल, गाढव या सह्या नाहीत. ती कथेतली पात्रे आणि वस्तू आहेत. सहीला लागू पडणारा नियम कथेला लावला, इथे पहिली चूक झाली.

तक्त्यातल्या काही ओळी लगेच निकालात काढता येतात. साखरेच्या काठीची गोष्ट अशी सांगतात की एका हलवायाने ख्रिस्ताची साक्ष म्हणून तिला तो आकार आणि ते रंग दिले. या गोष्टीला जुना कागदोपत्री पुरावा नाही. हॉलीचे झुडूप युरोपातले. पवित्र शास्त्रात त्याचे नावही नाही. बारा दिवसांच्या इंग्रजी नाताळगीतात छळ सोसणाऱ्या कॅथलिकांनी धर्मशिक्षण लपवले होते, हे म्हणणेही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरले. त्यात लपवलेली म्हणून जी तत्त्वे सांगतात, ती छळणाऱ्यांनाही मान्य होती. मग लपवायचे कशासाठी? या ओळी शास्त्राच्या नावावर मुलांना शिकवणे म्हणजे त्यांना खोटे सांगणे होय, आणि मूल मोठे होऊन जेव्हा हे शोधून काढील तेव्हा त्याचा अविश्वास साखरेच्या काठीपाशी थांबणार नाही.

पण माझे खरे भांडण खऱ्या चिन्हांविषयी आहे. ताऱ्यापासून सुरुवात करते.

आपला तारा कसा होतो ते ठाऊक आहे. दहा कामट्या घ्यायच्या, पाच-पाचांच्या दोन चांदण्या बांधायच्या, एकीवर एक ठेवून पाची टोके दोऱ्याने आवळायची, मग आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे बोटभर काड्यांचे टेकू अडकवून पोट फुगवायचे. त्यावर कागद चिकटवायचा. दोन वर्षांपूर्वी टेकू लावता लावता एका मुलीने विचारले, ‘‘ताऱ्याला पाचच टोके का? मागी लोकांनी मोजली होती का?’’ तक्त्यात उत्तर तयार होते: पाच टोके म्हणजे ख्रिस्ताचे प्रकट होणे, सहा म्हणजे सृष्टीची निर्मिती, आठ म्हणजे बाप्तिस्मा आणि नवा जन्म. पण मत्तयाने टोके मोजलेली नाहीत. मी तिला तसे सांगितले आणि कामट्या खाली ठेवायला लावून सगळ्यांना मत्तयाचा दुसरा अध्याय वाचून दाखवला.

तो वाचला की ‘तारा म्हणजे मार्गदर्शन’ ही ओळ किती पोकळ आहे ते कळते. तारा पूर्वेकडून आलेल्या मागींना, म्हणजे ज्योतिष्यांना, थेट बेथलेहेमात नेत नाही. ते येतात यरुशलेमेत. तिथे त्यांना विचारावे लागते, आणि उत्तर मिळते ते मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथातून, शास्त्र्यांच्या तोंडून. त्यानंतर तारा पुन्हा पुढे चालतो. म्हणजे नुसत्या ताऱ्याने वाट पुरती सापडलीच नाही. ज्यांना ग्रंथ तोंडपाठ होता ते शास्त्री यरुशलेमेतच राहिले, आणि आकाश वाचणारे परके लोक निघाले. हे आकाश वाचणारे कोण? अनुवादाच्या चौथ्या अध्यायात ताऱ्यांपुढे लवू नये अशी ताकीद आहे. यशयाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात नक्षत्रे पाहणाऱ्यांची टर उडवली आहे. अशा लोकांना देवाने त्यांच्याच भाषेत बोलावले. याकोबातून तारा उगवेल हे गणनेच्या चोविसाव्या अध्यायातले भाकीतही बलाम या परक्या द्रष्ट्याने केलेले आहे, आणि तोही मवाबाचा राजा बालाक याने इस्राएलाला शाप द्यायला बोलावलेला! आणि मागींनी ताऱ्याविषयी विचारल्यामुळेच हेरोद राजाला बाळाची वार्ता लागली. मत्तयाच्या त्याच अध्यायाचे सोळावे वचन बेथलेहेमातल्या मुलांच्या कत्तलीचे आहे. इतक्या गोष्टी एका ताऱ्यात गुंतलेल्या असताना ‘मार्गदर्शन’ हा एक शब्द मुलाच्या हातावर ठेवून आपण त्याला घरी पाठवतो.

कोणी म्हणेल, परंपरेने तर अर्थ ठरवले आहेत. परंपरेचा आधार घ्यायचा तर पुरता घ्यावा. संत ऑगस्टीनने ख्रिस्ती शिकवणुकीवरच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात स्पष्ट लिहिले आहे की शास्त्रातली एकच वस्तू वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा, कधी अगदी उलटा अर्थ दाखवते. त्याची उदाहरणे सिंह, साप आणि खमीर ही आहेत. प्रकटीकरणात यहुदाचा सिंह म्हणजे ख्रिस्त. पेत्राच्या पहिल्या पत्रात गर्जना करत फिरणारा सिंह म्हणजे सैतान. खमिराविषयी येशू एकदा सावध राहायला सांगतो आणि दुसऱ्यांदा स्वर्गाच्या राज्याला त्याचीच उपमा देतो. पहाटेचा तारा प्रकटीकरणाच्या शेवटी ख्रिस्त स्वतःला म्हणवतो, आणि यशयाच्या चौदाव्या अध्यायात तेच रूपक आकाशातून कोसळलेल्या बाबेलच्या गर्विष्ठ राजाला लावलेले आहे. चिन्हाचा अर्थ वस्तूत बसलेला नसतो, तो उताऱ्यात असतो. ऑगस्टीनला हे पाचव्या शतकात समजले होते.

बैल आणि गाढव घ्या. लूकने त्यांचे नाव घेतलेले नाही. तरी चौथ्या शतकापासूनच्या शिल्पांत ते गव्हाणीपाशी दिसतात, आणि 1223 मध्ये ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने गव्हाणीचा देखावा मांडला तेव्हा खरा बैल आणि खरे गाढव आणून उभे केले. ते आले यशयाच्या पहिल्या अध्यायातून. बैल धन्याला ओळखतो, गाढव मालकाची दावण ओळखते, पण माझ्या लोकांना मात्र ओळख नाही, असा तिथला आशय आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दावणीच्या जागी जो शब्द आहे तोच लूकने गव्हाणीसाठी वापरला आहे. म्हणजे गोठ्यातली ही दोन मुकी जनावरे आपल्याला विचारताहेत की आम्ही ओळखले, तुम्ही ओळखले का? सहनशीलता आणि नम्रता हे गुण चांगलेच आहेत, पण यशयाचा जाब त्या दोन शब्दांखाली दडपला गेला.

आता जे मला सर्वांत जास्त सलते ते सांगते. सगळ्या जन्मकथेत देवदूत एकाच गोष्टीला ‘खूण’ म्हणतो. मेंढपाळांना तो ताऱ्याची खूण सांगत नाही, त्यांच्या कथेत ताराच नाही. तो सांगतो की बाळंत्यात गुंडाळलेले आणि गव्हाणीत ठेवलेले मूल तुम्हाला दिसेल, हीच खूण. शास्त्राने स्वतः खूण म्हटलेली वस्तू म्हणजे एक बाळंते, आणि ते मी पाहिलेल्या एकाही तक्त्यात नाही. आपल्याकडे बाळंते म्हणजे काय ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आजीच्या जुन्या लुगड्याचा, धुऊन धुऊन मऊ झालेला फडका. लूकने गव्हाणीचा उल्लेख तीनदा केला आहे आणि बाळंत्याचा दोनदा. कॅथलिक बायबलातल्या शलमोनाच्या नावाने असलेल्या ज्ञानग्रंथात राजा सांगतो की मलाही असेच गुंडाळले होते आणि कोणत्याही राजाची सुरुवात वेगळी होत नाही. उलट यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात यरुशलेम हे असे टाकून दिलेले मूल आहे की ज्याला कोणी गुंडाळलेच नाही. आणि त्याच लूकच्या तेविसाव्या अध्यायात येशूचे शरीर पुन्हा तागाच्या कापडात गुंडाळून खडकात खोदलेल्या कबरेत ठेवले जाते. पौर्वात्य चर्चच्या जन्मचित्रांत गव्हाण शवपेटीसारखी आणि बाळाची वस्त्रे प्रेतवस्त्रासारखी काढतात, ती उगाच नाही. गव्हाण म्हणजे खाण्याची जागा, आणि बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’. लूकने यातले काही फोड करून सांगितलेले नाही. त्याने वस्तू ठेवल्या आणि तो पुढे गेला.

तक्त्यातले सगळेच टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही. सोने राजासाठी, ऊद देवासाठी, गंधरस मरणाऱ्या माणसासाठी, हा अर्थ दुसऱ्या शतकात इरेनियसने लावला आणि तो टिकला, कारण त्याची मुळे उताऱ्यांत आहेत. सोने आणि ऊद यशयाच्या साठाव्या अध्यायात राष्ट्रे घेऊन येतात, आणि गंधरस योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या दफनाच्या वेळी पुन्हा दिसतो. मात्र इथेही मुलांना सांगावे की मागी तीन होते असे मत्तय म्हणत नाही. देणग्या तीन, म्हणून माणसे तीन धरली गेली. रोममधल्या भूमिगत दफनस्थानांच्या भित्तिचित्रांत ती कुठे दोन, कुठे चार आहेत.

राहिला दांडीचा प्रश्न. मुलांना धरायला काहीतरी हवे, हे मला मान्य आहे. पण मूल व्याख्या धरत नाही, गोष्ट धरते. आपल्या भाषेत ख्रिस्तकथा आणणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सने 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ ओव्यांत सांगितले, कारण इथली माणसे पुराण ऐकत वाढलेली आहेत हे त्याने ओळखले होते. आणि अर्थ ठरवून दिला नाही तर जो तो मनाचे सांगेल, या भीतीवरही उतारा वाचणे हाच उपाय आहे. ‘हे कुठे लिहिले आहे?’ एवढा एक प्रश्न विचारायला शिकवले की मनगढंत अर्थ आपोआप गळतात. बेलगामपणा तर तक्त्यातूनच येतो, कारण त्यात हॉलीची पाने आणि बेथलेहेमचा तारा एकाच रकान्यात, एकाच अधिकाराने बसतात.

ज्या बायका-पुरुषांच्या हाती यंदा असा वर्ग आहे त्यांना माझी विनंती आहे. या रविवारी तक्ता बाजूला ठेवा. कात्री वाटण्याआधी मत्तयाचा दुसरा अध्याय आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायाची पहिली 20 वचने मोठ्याने वाचा, मत्तयाचे सोळावे वचन न गाळता. मग मुलांना विचारा की काय करायचे. कोणी तारा करील, कोणी गव्हाण करील. गव्हाण करणाऱ्याला घरून जुन्या सुती लुगड्याचा तुकडा आणायला सांगा. दोन्ही उतारे मिळून 43 वचने होतात, आणि ती सावकाश वाचायला दहा मिनिटेही लागत नाहीत.