शिकाऊ परिचारिकेचे देणे

बारावीचा निकाल लागला की बुलढाणा जिल्ह्यातील आपल्या ख्रिस्ती घरांतून एक प्रश्न हमखास निघतो : मुलीला नर्सिंगला घालायचे तर खर्च किती येईल? प्रश्न रास्त आहे, पण आम्हांला तो अपुरा वाटतो. परिचर्येच्या शिक्षणाचा आपल्या प्रांतातील इतिहास चाळला तर असे दिसते की, हे शिक्षण फुकट असे कधीच नव्हते. त्याचे मोल कधी पैशांत, तर कधी उमेदीच्या वर्षांत चुकते करावे लागले. आणि हा हिशेब शाळेच्या कार्यालयापेक्षा रुग्णालयाच्या वॉर्डातच अधिक झाला.

१८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी एक निधी उभारला. हिंदी स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय उपचार मिळावेत, हा त्याचा हेतू. स्त्री-डॉक्टर, परिचारिका व सुइणी यांच्या शिक्षणाची तरतूद या निधीतून होऊ लागली. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला वऱ्हाडातला माणूस अजूनही ‘डफरीन’ म्हणूनच ओळखतो, तो याच कारणाने. १८९१ मध्ये मुंबईत परिचर्येचे शिक्षण घेण्यास आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिली हिंदी शिकाऊ परिचारिका म्हणून सांगितले जाते. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचे सेवासदन सुरू झाले आणि त्या संस्थेने ससून रुग्णालयात स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचर्या शिकविण्याची व्यवस्था केली. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, रात्रपाळी करायची, हे त्या काळच्या घरंदाज कुटुंबांना रुचणे अवघडच होते. म्हणून शिक्षणाइतकीच सुरक्षित वसतिगृहाची तजवीज करणे रमाबाईंना भाग होते. फीचा प्रश्न तेव्हा दुय्यम होता, अब्रूचा पहिला.

ख्रिस्ती घरांत ही अडचण तुलनेने कमी होती. रुग्णसेवेला आपण धर्मकृत्य मानत आलो. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ पासून उभारलेले रुग्णालय, नागपूरचे १८९६ चे म्यूर मेमोरियल, आपल्या देऊळगाव राजापासून जवळच असलेले जालन्याचे मिशन हॉस्पिटल, ही सारी ख्रिस्ती सेवेची केंद्रे होती. पण ती प्रोटेस्टंट बंधूंची, हे मोकळेपणाने नोंदविले पाहिजे. आपण कॅथोलिक या कार्यात मागे का राहिलो? त्याचे एक कारण घरातच होते. धर्मभगिनींनी प्रसूतीचे काम करू नये, असा ख्रिस्तसभेचा दंडक होता. तो रोमने १९३६ साली सैल केला. अ‍ॅना डेंगल यांनी १९२५ मध्ये मेडिकल मिशन भगिनींचा संघ काढला, तेव्हा हा अडसर कायमच होता. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी १९२० साली गुंटूरला आल्या आणि धर्मभगिनी झाल्यावरही पोपमहोदयांच्या खास परवानगीने वैद्यक करीत राहिल्या. त्यांच्याच पुढाकाराने १९४३ मध्ये देशातील कॅथोलिक रुग्णालयांची संघटना स्थापन झाली. त्या वेळी बुलढाणा १८८७ साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांतात मोडत होता. अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत व्हायला १९५५ साल उजाडले.

या सर्व रुग्णालयांतील शिक्षणाचा करार थोड्याफार फरकाने एकच होता. मुलीला राहणे, जेवण, गणवेश आणि हातखर्चापुरते विद्यावेतन मिळे. बदल्यात तीन-साडेतीन वर्षे तिने वॉर्ड सांभाळायचा. घरच्यांना पैसा काढावा लागत नसे, म्हणूनच सामान्य घरची मुलगी मलकापूर, नांदुरा वा शेगावच्या स्टेशनावरून ट्रंक घेऊन नागपूर-मुंबईच्या गाडीत बसू शकली. या व्यवस्थेची दुसरी बाजू मात्र कठोर होती. रुग्णालये शिकाऊ मुलींच्या श्रमांवर चालत. वर्गातील तास बुडाला तरी चाले, वॉर्डातील पाळी बुडून चालत नसे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात परिचारिकांच्या निवासाची व कामाच्या तासांची जी दशा वर्णिली आहे, ती वाचवत नाही. त्या अहवालानुसार देशात परिचारिका होत्या सुमारे सात हजार, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक.

शिक्षण लवकर उरकण्याची कल्पना आजची नव्हे. ती युद्धाने आणली. दुसऱ्या महायुद्धात परिचारिका अपुऱ्या पडल्या, तेव्हा १९४२ मध्ये हिंदुस्थानात साहाय्यक परिचर्या दल उभारून स्त्रियांना अल्पमुदतीचे शिक्षण देण्यात आले. अमेरिकेने १९४३ मध्ये बोल्टन कायदा करून तीन वर्षांचा अभ्यासक्रम अडीच वर्षांवर आणला. शिकवणीची फी, पुस्तके, गणवेश व मासिक विद्यावेतन हा सारा भार सरकारने उचलला आणि अखेरचे सहा महिने विद्यार्थिनीने रुग्णालयात काम करायचे, असे ठरले. या मार्गाने सुमारे एक लाख चोवीस हजार परिचारिका तयार झाल्या. आम्हांला यात लक्षणीय वाटते ते हे, की घाई सरकारला होती, आणि घाईचा खर्चही सरकारनेच केला. आज अमेरिकेत दुसऱ्या विषयातील पदवीधरांसाठी साधारण अकरा ते अठरा महिन्यांचे जलद अभ्यासक्रम आहेत. पण त्या काळात दुसरी नोकरी करणे जवळजवळ अशक्य आणि फी विद्यार्थ्याच्या माथी. नव्या परिचारिकेला पहिले वर्षभर अनुभवी हाताखाली ठेवण्याची पद्धत तेथे रुजते आहे, हे मात्र घेण्याजोगे आहे. परदेशी असलेल्या नातलगांनी असा मार्ग सुचविला तर या दोन्ही बाजू विचारून घ्याव्यात.

आपल्याकडे खाजगी महाविद्यालये वाढली आणि जुना करार उलटा झाला. आता घरचे फी भरतात आणि मुलगी वॉर्डातही राबते. त्यातून ‘बाँड’ आला : ठरावीक वर्षे येथेच नोकरी कर, तोवर मूळ प्रमाणपत्रे आमच्याकडे. २०११-१२ मध्ये देशभर परिचारिकांनी याविरुद्ध संप केले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली शिफारस केली की, पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयानेही परिचारिकेला दरमहा वीस हजारांपेक्षा कमी वेतन देऊ नये. दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी वेतनाइतके द्यावे. शिफारस ती शिफारस. तिची अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली.

हा आकडा लक्षात ठेवून कर्जाचा हिशेब मांडावा. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि परतफेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी दरवर्षी एक लाख उचलले, व्याज दहा टक्के सरळ धरले, तर परतफेडीच्या दिवशी देणे सुमारे पाच लाख चाळीस हजार होते. ते दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता दरमहा सात हजारांच्या वर जातो, म्हणजे वीस हजारांतले एक तृतीयांशाहून अधिक. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेल्यास हप्ता सव्वापाच हजारांच्या आसपास राहतो. आपल्या समाजापुढे आणखी एक गाठ आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती मुलीला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळत नाही. आदिवासी ख्रिस्ती मुलीचा अनुसूचित जमातीचा हक्क मात्र धर्मामुळे जात नाही. दाखले वेळेवर काढले नाहीत म्हणून तोही हातचा घालवू नये.

२०२१ च्या नव्या नियमांनुसार बी.एस्सी. नर्सिंगचे शेवटचे, आठवे सत्र आंतरवासितेचे आहे. प्रवेशापूर्वी पालकांनी याच सत्राविषयी विचारावे : ते कोणत्या रुग्णालयात होते, त्या रुग्णालयाच्या खाटा किती, विद्यावेतन मिळते का, रात्रपाळीत मुलीसोबत वरिष्ठ परिचारिका असते का, आणि मूळ प्रमाणपत्रे परत केव्हा मिळतात. बी.एस्सी. झालेल्या परिचारिकेला उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येते. आपल्या लोणार-मेहकरसारख्या तालुक्यांत घराजवळ राहून काम करू इच्छिणाऱ्या मुलीने तो मार्गही पाहावा. २०२४ पासून बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. पूर्वी ट्रंक घेऊन ज्या मोठ्या रुग्णालयासाठी गाडी पकडावी लागे, तसे रुग्णालय आता जिल्ह्यातच उभे राहू पाहत आहे.