नारायण मेघाजी लोखंडे आणि भारतीय कामगार चळवळीचा आरंभ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडचा कापूस रेल्वेने मुंबईस जाऊ लागला. त्याच काळात तेथे वाढलेल्या गिरण्यांतील कामगारांना पहिले नेतृत्व लाभले ते सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे (१८४८-१८९७) यांचे. गिरणीतील नोकरीमुळे कामगारांची स्थिती त्यांना जवळून ज्ञात होती. १८८० पासून ‘दीनबंधु’च्या संपादनाद्वारे त्यांनी ती मांडली.

१८८४ मध्ये सुमारे ५,५०० कामगारांच्या वतीने त्यांनी आठवड्याची सुटी, दुपारची अर्धा तास विश्रांती, वेळेवर वेतन व जखमींना साहाय्य या मागण्या सरकारी आयोगापुढे ठेवल्या. २४ एप्रिल १८९० रोजीच्या सभेस सुमारे १०,००० कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

लोखंडे यांच्या ‘मिल हँड्स असोसिएशन’जवळ सभासदांची नोंद, निधी वा नियमावली नव्हती, म्हणून ती खरी कामगार संघटना नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. परंतु संघटनांना कायदेशीर मान्यता देणारा कायदा १९२६ मध्ये आला. त्यापूर्वीच्या कार्याचे मूल्यमापन नोंदवहीवरून नव्हे, तर कामगारांना प्राप्त झालेल्या हक्कावरून करणे अधिक न्याय्य ठरते.