दवाखान्याच्या दारातले अंतर

खोकला असेल तर तोंडाला रुमाल लावा, ताप असेल तर आधी सांगा, सोबत एकच माणूस आणा. कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या कामगाराला असे नियम कोविडपासूनचे वाटत असतील. पण मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला, तो १८९७ चा, प्लेगात जन्मलेला आहे. तेव्हापासूनचा इतिहास पाहिला तर मला एक गोष्ट ठळक दिसते. रोगाला दूर ठेवणारा नियम लोक पाळतात. रोग्यालाच गुन्हेगार किंवा विटाळ ठरवणारा नियम ते चुकवतात, आणि मग रोग लपून वाढतो.

१८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात ब्रिटिश अधिकारी रँडच्या प्लेग कमिटीने सोल्जर घेऊन घरझडती सुरू केली. धाकाने लोक आजारी माणसे लपवू लागले. त्याच महिन्यात, १० तारखेला, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. दत्तक मुलगा डॉ. यशवंतरावांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात त्या स्वतः रोगी आणत होत्या. कोणी म्हणेल, साथीत सक्ती लागतेच. लागते, पण ती नेमकी कशावर करायची हे कळायला हवे. उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले; पुण्यातल्या झडत्या त्याआधीच होऊन गेल्या होत्या. उंदीर पडू लागले की घर सोडून रानात झोपड्या घालणारे आपले खेडूत मात्र, कारण ठाऊक नसतानाही, रोगाच्या खऱ्या वाटेपासून दूर जात होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या समाजाने शिवाशिव पाळली, त्याच्या हाती अंतराचा नियम देणे धोक्याचे नाही का? याचे उत्तर कागलनेच दिले आहे. इथल्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१९ मध्ये हुकूम काढला, की कोल्हापूर संस्थानच्या दवाखान्यांत अस्पृश्य रोग्यांना इतरांसारखेच वागवावे. ज्या कर्मचाऱ्यांना ते मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही. अंतर ठरायचे ते खोकल्यावरून, तापावरून, जातीवरून नव्हे. रोग बरा झाला की ते अंतर संपते, शिवाशिवीचे कधीच संपत नव्हते. हा फरक ज्या दवाखान्यात पाळला जात नाही, तिथला स्वच्छतेचा नियम कितीही शास्त्रीय असो, मी त्याला अन्यायच म्हणेन.

आज कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत वाळूची धूळ छातीत जाते, आणि सिलिका भरलेल्या फुप्फुसाला क्षयाचा धोका जास्त. दोन आठवड्यांहून जुना खोकला असलेल्याने दवाखान्यात येताच तो सांगावा, हवेशीर जागी वेगळे बसावे, थुंकी तपासून घ्यावी, हा नियम योग्यच आहे. पण खोकला सांगितला की हजेरी बुडेल, खोलीतले सोबती दूर करतील, या भीतीने बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला ठेक्यावरचा कामगार गप्प बसतो. खरे तर ईएसआय या कामगार विमा योजनेत सामान्य आजारात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के मजुरी मिळते. क्षयासारख्या दीर्घ आजारात, अटी पुऱ्या असतील तर, पुढे ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मदत मिळू शकते. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. म्हणून ठेकेदाराने कामगाराची ईएसआयची वर्गणी वेळेवर भरली आहे की नाही, हे तपासणे मला दाराशी मास्क वाटण्याइतकेच संसर्गनियंत्रणाचे काम वाटते.