जुनी फ्रेम, उसने भाग : वसईतल्या एका सायकलीच्या निमित्तानं



विषय जाहीर झाल्यावर काहीजण गालात हसले, ते आम्ही इथून पाहिलं. तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं सायकलीवर बोलायचं, आणि तेही इतिहासाच्या व्याख्यानमालेत! पण वसई-विरारच्या लोकांना तरी यात नवल वाटू नये. बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत विजेची गाडी आली ती १९३६ साली. गाडी स्टेशनापर्यंत आली, पण वाड्या स्टेशनापासून कोसावर. आगाशी, बोळिंज, निर्मळ, गास, गिरीज इथून भाजी, फुलं, केळी, दूध पहाटेच्या गाडीला कशावर पोचायचं? डोक्यावर, बैलगाडीत, आणि मग सायकलीवर. म्हणून सायकल हे इथं हौसेचं वाहन कधीच नव्हतं. ते शेतीचं अवजार होतं, कोयता आणि कुदळ असते तसं. आणि अवजाराचं एक असतं. मोडलं की मिळेल तो दांडा बसवायचा आणि कामाला लागायचं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या घरी माळ्यावर वडिलांच्या रॅले सायकलीची फ्रेम पडून होती. मागच्या पावसाळ्यात ती उतरवली आणि सायकल पुन्हा उभी करायची असं ठरवलं. ठरवताना आमच्या मनात ‘मूळची’ हा शब्द होता. जशी होती तशी, सगळी रॅलेची, नॉटिंगहॅमची. हा शब्द आम्हाला कुठे घेऊन गेला, ते सांगण्यासाठीच आजचं व्याख्यान.

प्रथम थोडा इतिहास. एका सायकलीचा भाग दुसरीला बसतो, हे आपण गृहीत धरतो. पण हे आपोआप घडलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ज्याचा कारखाना त्याचे आटे. स्क्रूच्या आट्यांना एक माप असावं ही सूचना जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली मांडली, पण सायकलीचे पातळ भाग त्या जाड आट्यांना मानवणारे नव्हते. मग पुढाकार आला तो बंदुकांच्या कारखान्याकडून. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. ही कंपनी १८६१ साली बंदुकवाल्यांनी काढली. तिच्या सायकलीवर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचं चिन्ह असतं, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. बंदुकीचा घोडा मोडला तर दुसऱ्या बंदुकीचा घोडा तिला बसला पाहिजे, ही लष्कराची गरज. तीच शिस्त बी.एस.ए.नं सायकलीत आणली. ती कंपनी सायकलीचे सुटे भागही विकायची आणि लहानसहान कारखानदार त्यांतून सायकली जोडायचे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये सायकलीच्या आट्यांचं प्रमाण ठरलं, त्यात या भागांचा वाटा मोठा. पायडलचा दांडा ज्यात फिरतो त्या खालच्या नळीचे, म्हणजे बीबीचे आटे इंचाला २४ ठरले.

आणि इथं रॅले वेगळी निघाली. रॅलेनं आपल्या बहुतेक सायकलींना इंचाला २६ आटे ठेवले. बीबीच्या नळीची रुंदीही वेगळी. व्यास साधारण तोच, त्यामुळे डोळ्यांना कप सारखाच दिसतो. लावायला घेतला की एक-दोन फेरे जातो आणि अडकतो. जाणता मेकॅनिक तिथंच थांबतो. घाईतला मेकॅनिक पान्याला पाइप लावतो आणि जोर करतो. मग २४ आट्यांचा कप २६ च्या नळीत स्वतःचा रस्ता कापत जातो, आणि जुने आटे संपतात. हा तपशील लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

बाकी काही ठिकाणी मात्र अदलाबदल सोपी होती, आणि त्याचंही कारण कंपन्यांच्या इतिहासात आहे. हंबर रॅलेनं १९३२ साली घेतली, रज १९४३ साली. पुढे तिन्ही सायकली नॉटिंगहॅमलाच बनू लागल्या. नावं वेगळी, पोटातलं बरंचसं एकच. ओळखायचं कशावरून? तर पुढच्या दातेरी चाकावरून. रॅलेच्या चाकात बगळ्यांची डोकी, रजच्या चाकात हाताचा पंजा, हंबरच्या चाकात माणसांच्या आकृत्या. हंबरचा चिमटा दुहेरी नळ्यांचा. म्हणून रॅलेची फ्रेम आणि पंजाचं चाक अशी सायकल दिसली, की समजायचं, हिच्यात कुणीतरी भावंडाचा अवयव बसवला आहे. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल, तर त्याच्यावर बहुधा वर्षाचे दोन आकडे ठोकलेले असतात. फ्रेम एका सालची आणि हब दहा वर्षांनी धाकटा, असं पुष्कळदा निघतं. सायकल स्वतःच आपली वंशावळ सांगते, फक्त घासलेटनं पुसून वाचावी लागते.

काही भाग मात्र कितीही आपलेपणा दाखवला तरी बसत नाहीत. २८ इंची चाकाच्या जागी २६ इंची घातलं, तर रिमच्या बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटरवरून ५९० वर येतो. म्हणजे कडा साडेबावीस मिलिमीटर आत सरकते, आणि सळईच्या ब्रेकचे रबर रिमला नीट लागत नाहीत. इंग्लिश पद्धतीत पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०. ४० भोकांच्या हबला ४० भोकांचीच रिम लागते. तिथं कानस चालत नाही. कॉटर पिनला चालते. ती घासून बसवणं हा तर प्रत्येक सायकलवाल्याचा हातखंडा.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली. विलायती भाग महाग झाले, मग दुर्मीळ झाले. त्याच काळात इथले कारखाने उभे राहिले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. मद्रासजवळ अंबत्तूरला टी.आय. सायकल्स १९४९ पासून, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला अ‍ॅटलस, लुधियानाला १९५६ पासून हिरो. लुधियानाच्या लहान लहान कारखान्यांतून निघालेले सुटे भाग देशभर गेले. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या पुढे अडचणीत आल्या आणि १९८० साली एकाच कायद्यानं त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. वसईतल्या सायकलींच्या अंगावर ही सगळी औद्योगिक कथा लिहिलेली आहे. फ्रेम नॉटिंगहॅमची, चेन लुधियानाची, मडगार्ड कुठलं ते देवाला ठाऊक, आणि कॅरियर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून सळई वाकवून केलेलं. कारण कंपनीचं कॅरियर पत्र घेऊन जाणाऱ्या साहेबासाठी होतं. दुधाच्या दोन बरण्या त्यावर राहात नव्हत्या.

आमच्या वडिलांच्या फ्रेमीचंही असंच. वडिलांनंतर ती काकांकडे गेली, काका फुलं घेऊन स्टेशनला जायचे. त्यांनी तिला सळईचं कॅरियर जोडलं, मागचं चाक बदललं. आम्ही ठरवलं, हे सगळं काढून टाकायचं. एका भंगारवाल्याकडे एक रज सापडली. अगदी चालती. आऊट काढायची तेवढी गरज. मनात हिशेब तयार. ही घ्यायची, उघडायची, तिचे नॉटिंगहॅमचे भाग वडिलांच्या फ्रेमीत घालायचे, आणि तिची फ्रेम परत भंगारात. रज विकत घेऊन घरीसुद्धा आणली.

आमचा मेकॅनिक आमच्याच वयाचा. त्यानं आधी वडिलांच्या फ्रेमीची बीबी धुतली, बॅटरी मारून आत पाहिलं आणि म्हणाला, “सर, चेनच्या बाजूचा कप रॅलेचा नाही. चोवीसचा आहे, ठोकून घातलाय.” आम्ही म्हणालो, “मग काढा. रजचा कप आहे ना आपल्याकडे.” तो म्हणाला, “काढीन. पण याच्याखाली आटे उरलेले नाहीत. तुमचा चांगला कप मग बसायचा कशात? हा चुकीचा आहे, पण आता यानंच फ्रेम धरली आहे.”

मित्रहो, चाळीस वर्षं आम्ही वर्गात एकत्व आणि बदल हा विषय शिकवला. प्लुटार्कनं सांगितलेलं थीसियसचं जहाज शिकवलं. एकेक फळी बदलत गेली, तर जहाज तेच राहतं का? सतराव्या शतकात हॉब्जनं त्यात भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं? नैयायिकांचा अवयवी शिकवला. त्यांच्या मते कापडातून एक तंतू काढला की जुनं कापड नष्ट होतं आणि खंडपट निर्माण होतो. नागसेन भिक्षूनं मिलिंद राजाला विचारलेला रथाचा प्रश्न शिकवला. रथ म्हणजे आस का, चाकं का, जू का? यांपैकी एकही नाही, आणि यांच्यावाचूनही नाही. हे शिकवताना शेजारी नालासोपारा आहे, तिथं सम्राट अशोकाच्या लेखाचे तुकडे आणि स्तूप सापडला, हेही सांगायचो. पण या सगळ्या उदाहरणांत भाग मुकाट्यानं निघतात आणि मुकाट्यानं बसतात. प्रत्यक्षात तसं होत नाही. उसना भाग फ्रेमीत बसताना फ्रेमीला बदलतो. मग तो काढला की खालून मूळची फ्रेम निघत नाही, जखम निघते.

इतिहासातही आम्हाला असंच दिसतं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा इथल्या चर्चमधल्या घंटा देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. मेणवलीला आहे, भीमाशंकरला आहे. नाशिकच्या घंटेला लोक नारोशंकराची घंटा म्हणतात. मूळची कुठली, हे सांगितलंच पाहिजे, ते लपवू नये. पण मधल्या पावणेतीनशे वर्षांत ती नाशिकची झाली, हेही तेवढंच खरं आहे. एक साल निवडून त्यालाच ‘मूळ’ म्हणायचं आणि पुढची सगळी सालं पुसायची, याला आम्ही इतिहास म्हणणार नाही. सायकलीच्या बाबतीत आम्ही नेमकं तेच करायला निघालो होतो. काकांची पहाटेची तीस वर्षं सळईच्या कॅरियरसकट भंगारात चालली होती. आणि त्यासाठी एक चालती सायकल मोडायची होती.

आम्हाला लाज वाटली, हे कबूल करतो.

यावर कुणी म्हणेल, मग काहीच बदलायचं नाही का? तसं नाही. आमच्या फ्रेमीत नवे छर्रे घातले, बीबीचा नवा दांडा कपाला जुळवून घातला, चेन नवी, टायर-ट्यूब नवे. गंजलेला ब्रेक जपण्यात इतिहासप्रेम नाही, ओव्हरपुलाच्या उतारावर ते लगेच कळेल. डाव्या बाजूचे दोन भाग, पायडल आणि क्रँक, आधीच मोडून पडलेल्या सायकलींतून घेतले. कर्वेनगरला पुण्यात जुन्या सायकलींचं एक संग्रहालय आहे, तिथं मूळ स्वरूपातल्या सायकली पाहायला मिळतात, आणि त्या तशा राखल्याच पाहिजेत. पण प्रत्येक घरातली सायकल संग्रहालयात जायची नसते.

मेकॅनिकशी बोलून आम्ही तीन नेम केले, ते सांगतो. पहिला, चालती सायकल भागांसाठी मोडायची नाही. दुसरा, फ्रेमीवर कापणं, नवे आटे पाडणं, भोक पाडणं टाळायचं, म्हणजे पुढच्या माणसाला आपली चूक दुरुस्त करता येईल. हाताच्या बोटांनी जेवढा आटा जातो तेवढाच आपला. तिसरा, जे बदललं ते लिहून ठेवायचं. आम्ही एका कागदावर लिहिलं, कोणता भाग कुठून आला, केव्हा बसवला, आणि काढलेला कुठे ठेवला आहे. कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सीटच्या नळीत सरकवला. तिथं हात घातला तेव्हा आधीच एक चिंधी निघाली, बहुधा सीट हलू नये म्हणून काकांनी कोंबलेली. तीही परत घातली.

आता तुम्ही विचाराल, ही सायकल वडिलांची का? आमच्या थोरल्या बहिणीनं पाहिल्या पाहिल्या म्हटलं, “ही बाबांची नाही, ही काकांची.” ती फुलांच्या टोपलीशेजारी कॅरियरवर बसून शाळेत गेलेली आहे. आम्ही वाद घातला नाही. चेनच्या बाजूचा तो चोवीस आट्यांचा कप कुणी ठोकला, बाबांनी की काकांनी, हे दोघांपैकी कुणालाच आता विचारता येत नाही.

रज मात्र आमच्याकडे नाही. तिचा आऊट काढून घेतला आणि आमच्याकडे सकाळी पाव देणाऱ्याला ती दिली. त्यानं पहिल्याच आठवड्यात तिला सळईचं कॅरियर वेल्ड करून घेतलं.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी, पडवीत किंवा गोठ्यात अशी सायकल आहे, त्यांना एकच विनंती. ती विकण्याआधी किंवा ‘मूळची’ करण्याआधी, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला तिच्याजवळ बसवा आणि एकेका भागावर हात ठेवून विचारा, हा कधी बदलला. उत्तरं लिहून काढा. माणसं आहेत तोवरच ही उत्तरं मिळतील.