राखणदारापासून तपासनिसापर्यंत: कंपन्यांच्या लेखापरीक्षणाचे बदलते नियम

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला पत्र लिहून कंपनीचे हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोकड व बँकेतील शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती. त्यांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. भारतातील कंपन्यांच्या लेखापरीक्षणाचे आजचे नियम समजून घ्यायचे, तर या पत्रापासूनच आरंभ करावा लागतो.

या प्रकरणात खटकणारी बाब रकमेच्या आकारापेक्षा वेगळी आहे. गोदामातील मालाचे मूल्य किंवा बुडीत येण्यांचा अंदाज यांत मतभेदाला जागा असते. बँकेतील शिल्लक मात्र लेखापरीक्षकाने तपासण्याच्या बाबींमध्ये सर्वांत सोपी मानली जाते. बँकेला थेट पत्र पाठवावे, उत्तर थेट आपल्याकडे मागवावे, इतकीच ती रीत. सत्यमच्या लेखापरीक्षकांनी या पत्रव्यवहारावर स्वतःचे नियंत्रण ठेवले नाही, असा ठपका अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने २०११ साली ठेवला. सत्यमचे रोखे न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदलेले असल्याने तेथील नियामकांचाही या प्रकरणाशी संबंध आला. पुढे एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांत दोन लेखापरीक्षकही होते.

त्याआधी या व्यवसायाची मनोधारणा एका जुन्या इंग्रजी निकालावर पोसलेली होती. लेखापरीक्षक हा राखण करणारा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १८९६ साली एका कापड गिरणीच्या खटल्यात म्हटले होते. संशयाला कारण नसेल, तर व्यवस्थापनाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही, हा त्याचा आशय. तत्त्व म्हणून ते अगदीच गैर नव्हे. पण ज्याचे हिशेब तपासायचे, त्याच्याच हाती नेमणूक आणि मेहनताना असेल, तर संशय सहसा डोके वर काढीत नाही.

कंपनी अधिनियम, २०१३ ने नेमके या दुबळ्या जागेवर बोट ठेवले. कलम १३९ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या आणि ठरावीक आकाराच्या अन्य कंपन्यांना एकच व्यक्ती पाच वर्षांहून अधिक काळ लेखापरीक्षक ठेवता येत नाही. फर्मसाठी ही मर्यादा दहा वर्षांची आहे. त्यानंतर पाच वर्षांची विश्रांती सक्तीची. आधीपासून काम करणाऱ्यांना तीन वर्षांची सवलत मिळाल्याने या फेरपालटाचा खरा धडाका २०१७ मध्ये उडाला आणि कैक दशकांचे संबंध तुटले. ज्या कंपनीचे लेखापरीक्षण करायचे, तिच्यासाठी हिशेब लिहिणे, अंतर्गत तपासणी करणे किंवा गुंतवणूक सल्ला देणे कलम १४४ ने निषिद्ध ठरवले. एक कोटी रुपये वा त्याहून अधिक रकमेची अफरातफर लक्षात आल्यास ती केंद्र सरकारला कळवण्याचे बंधन कलम १४३ ने घातले. राखणदाराकडून आता थोडा तपासही अपेक्षित झाला, असा याचा अर्थ.

सर्वांत मोठा वाद मात्र देखरेखीच्या अधिकारावरून झाला. १९४९ पासून सनदी लेखापालांची शिस्त त्यांचीच वैधानिक संस्था पाहत आली होती. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत हा अधिकार राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण, म्हणजे एनएफआरए, या स्वतंत्र यंत्रणेकडे देण्याची तरतूद २०१३ च्या कायद्यात होती. पण ती पाच वर्षे कागदावरच राहिली. प्राधिकरण अखेर १ ऑक्टोबर २०१८ रोजी स्थापन झाले. त्याच दिवशी कर्जफेड थकवलेल्या आयएल अँड एफएस समूहाचे संचालक मंडळ सरकारने ताब्यात घेतले, हा योगायोग बोलका आहे. दोषी फर्मला मेहनतान्याच्या दहापटीपर्यंत दंड आणि सहा महिने ते दहा वर्षे कामबंदी करण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. त्याचे आदेश संकेतस्थळावर जाहीर होतात आणि त्यांत चुकांचा तपशील असतो. व्यवसायातील धाक त्यामुळेही वाढला आहे.

छोट्या कंपन्यांना या साऱ्याची झळ फारशी लागली नाही. त्यांच्या दाराशी आलेला बदल वेगळाच आहे. १ एप्रिल २०२३ पासून संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीला अशी प्रणाली वापरणे बंधनकारक झाले, जिच्यात प्रत्येक नोंदीतील फेरफार तारखेसह आपोआप टिपला जातो आणि ही सोय बंद करता येत नाही. पणजीच्या निबंधक कार्यालयात नोंदलेली, घरच्या दोन-तीन माणसांची खासगी कंपनीही त्यातून सुटत नाही. भागीदारी पेढ्यांना व एलएलपींना हा नियम लागू नाही. मार्चअखेरीस मागील तारखेच्या नोंदी ‘बसवण्याची’ सवय या नियमाने बंद होईलच असे नाही, पण ती आता दिसते आणि लेखापरीक्षकाला अहवालात त्याविषयी लिहावे लागते.

अहवालाची भाषाही बदलली. पूर्वी तो एक-दोन पानांचा ठरीव मजकूर असे. २०१८-१९ पासून नोंदणीकृत कंपन्यांच्या अहवालात लेखापरीक्षकाला सर्वांत महत्त्वाच्या वाटलेल्या बाबी आणि त्या कशा तपासल्या, हे स्वतंत्रपणे मांडावे लागते. वार्षिक अहवालातील रंगीत छायाचित्रे ओलांडून भागधारकाने प्रथम हीच पाने उघडावीत.

पुढचा संघर्ष समूह कंपन्यांवरून पेटला आहे. उपकंपनीचे हिशेब दुसऱ्या फर्मने तपासले असतील, तर मुख्य लेखापरीक्षक आजवर त्या अहवालावर विसंबत असे. संपूर्ण समूहाची जबाबदारी त्याच्यावरच टाकणारा सुधारित मानदंड एनएफआरएने २०२४ मध्ये पुढे आणला. सनदी लेखापालांच्या संस्थेने त्याला विरोध नोंदवला. जबाबदारी आपलीच असेल, तर मुख्य लेखापरीक्षक उपकंपन्यांची कामेही स्वतःकडेच ओढील आणि लहान शहरांतील फर्मच्या हातून ती निसटतील, अशी त्यामागची भीती आहे.